अडुळशाची पाने आणि माझे एक ‘हो’

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. लिहिलेलेही नाही — आणि मी लिहिले नाही असे या जगात फार थोडे उरले आहे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझ्या पत्रांच्या प्रतींनी एक कपाट भरले आहे: पाण्याची वेळ, बेकायदा पार्किंग, जिन्यातल्या चपला. प्रत्येकावर जावक क्रमांक. या गोष्टीवर नाही.

पार्वतीबाई भांडुपहून येत आणि आमच्या फाटकाशी पाला विकत बसत — गवती चहा, तुळस, अडुळसा. अडुळसा त्यांच्याच घरामागच्या कुंपणाचा. दव सुकल्यावर, फुलोरा येण्याआधी, कोवळी नाहीत आणि पिवळीही नाहीत अशी पाने त्या खुडत. माझी पत्नी खोकल्याने बेजार होती. वैद्यांनी वाळवलेल्या पानांचा काढा सांगितला, म्हणून मी दोन मोठ्या जुड्या घेतल्या.

“काका, सावलीत सुकवा हां. एकावर एक नको. रोज उलटायची. देठ कट्‌कन मोडल्याशिवाय डबा लावायचा नाय.”

यात न समजण्यासारखे काय होते?

सावली आणि वारा दोन्ही असलेली जागा एकच — आमच्या मजल्यावरची, जिन्यासमोरची. तेथे कोणी काही पसरू नये, हा ठराव माझाच. त्याच्या आधारे मी एका शेजारणीचे पापड उचलायला लावले होते. आता तेथे मी पाने पसरायची? मी ती गच्चीवर नेली — ऑक्टोबरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्यावर. दोन दिवसांत पाने तपकिरी पडली, हातात चुरा होऊ लागली. देठ मात्र वाकत होते, मोडत नव्हते. ते मी पाहिले. पाहिले — आणि डबा घट्ट लावला.

पंधरा दिवसांनी, मी करून दिलेला काढा पिऊन पत्नीला उलट्या सुरू झाल्या. डबा उघडला. कुबट वास, देठांवर पांढरी बुरशी. दोष कोणाचा, हे मला त्याच क्षणी कळले. मग मी काय केले? टेबलाशी बसून समितीला पत्र लिहिले. विषय: फाटकाशी होणारी निकृष्ट पाल्याची विक्री.

जिच्यावर आरोप आहे तिला बाजू मांडू द्यावी, हा आग्रहही माझाच. पार्वतीबाई सोसायटीच्या कार्यालयात आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या.

“बाई, जपून बोला हां,” सेक्रेटरी म्हणाले, “नायतर काका तुमच्यावर अजून एक पत्र काढतील.” सगळे हसले.

पार्वतीबाईंनी डबा हुंगला. एक देठ बोटांत धरून वाकवला. संपले, असे मला वाटले.

“काका, सावलीतच सुकवलंत ना?”

“हो.”

“मग माझाच पाला खराब. तुम्ही कायद्याचे माणूस, तुम्ही कशाला खोटं बोलाल?”

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी कोणी बसले नाही. पत्नी बरी झाली. पाने गच्चीवर नेताना तिने मला पाहिले होते. माझ्या हातचा काढा तिने पुन्हा घेतला नाही.

दोन वर्षांनी भांडुपला पार्वतीबाई दिसल्या. लिंबे विकत होत्या. चिडतील, तोंड फिरवतील असे वाटले — तसे काहीच नाही.

“काकू बऱ्या आहेत ना, काका?” त्यांनी विचारले. “अडुळसा मी बंद केला. कुंपणच तोडून टाकलं. काकूंना त्रास झाला ना, तेव्हापासून खुडायला हात धजत नाय. एवढी वर्षं केलं, पण पारखच गेली माझी.”

आजूबाजूला कोणी नव्हते. मला कसलीही घाई नव्हती. एक वाक्य पुरले असते.

मी मान डोलावली. चार लिंबे घेतली आणि निघालो.

ते पत्र अजून समितीच्या फायलीत आहे. मजकूर खोटा आहे. सही माझी आहे.