उष्टी हळद

दादाच्या अंगावर पहिला चट्टा उठला तो कोपरावर. तेव्हा तो शाळेत होता. लालभडक चट्टा, वर पांढरा पापुद्रा. खरवडला की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. कोणी म्हणे गजकर्ण, कोणी म्हणे इसब. शेजारची चाची दारातूनच विचारायची, "काए, जे छूत की तौ नइयाँ?" आणि उत्तर ऐकायच्या आत, लागण होईल म्हणून आपल्या पोरांना घरात ओढायची. मला तिचा इतका राग यायचा की तिला दिसेल असं अंगणात बसून मी मुद्दाम दादाच्या ताटात जेवायचे.

पुढे तो झाशीच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून चिकटला. इंजिनाचं काळं तेल निघावं म्हणून तिथे सगळेच रॉकेलने हात धुवायचे. दादा रॉकेलने धुवायचा आणि वर विटेच्या तुकड्याने चट्टे घासायचा. घासून निघेल असं त्यालाही वाटायचं आणि आम्हालाही. जितकं घासलं तितकं ते पसरलं, पाठीवर, गुडघ्यांवर, डोक्यात केसांखाली. थंडीत त्याच्या सदऱ्यातून कोंडा गळायचा आणि कोणाच्या नजरेला पडायच्या आत आई तो झाडून घ्यायची.

मग कोणीतरी दतिया गेटजवळचा एक हकीम सांगितला. त्याच्या पुड्यांनी कातडी अशी नितळ झाली की आईने गल्लीत पेढे वाटले, चाचीच्या घरी तर दोनदा. पुढे पुड्या संपल्या, हकीम कुठेतरी गावाला गेलेला, आणि बघता बघता दादा नखशिखांत पेटला. अंगावर चादर सहन होईना. थंडीने दात वाजायचे आणि कातडी मात्र भाजत असायची. तो मरणार असं मला वाटलं होतं. तेव्हा कुठे आम्ही त्याला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्या रोगाचं नाव सांगितलं, सोरायसिस. कातडी नको इतकी भरभर वाढते आणि थरावर थर साचतात, म्हणाले. पुडीत काय होतं देव जाणे, पण जोरकस औषध एकदम बंद झालं की रोग असा उसळून येतो. रॉकेल आणि वीट बंद. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावायचं, चट्ट्यांवर डांबराचं मलम. मुळासकट जाणार नाही, पण आटोक्यात राहील. निघताना ते आईला म्हणाले, "माताजी, ये छूत का रोग नहीं है. साथ खाइए, साथ बैठिए."

आईने ते वाक्य पाठ केलं. पाणवठ्यावर, हळदीकुंकवात, कोणी नाक मुरडलं की ती ते तोंडावर फेकायची. घरभर डांबराचा वास असायचा आणि ती मान वर करून हिंडायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

स्थळं मात्र आली तशी गेली. शेवटी गुरसरायकडच्या एका जुन्या मराठी घराण्यातली मुलगी सांगून आली. बघायच्या वेळीच दादाने बाही सारून कोपर दाखवलं. मुलीच्या वडिलांनी आईला विचारलं, "लागट नाही ना?"

"इतकी वर्षं ह्याच्या पाठीला तेल चोळतेय, बघा," म्हणून आईने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. मुलगी कोपराकडेच बघत होती. तिने होकार दिला.

पण दादाला एक धास्ती उरली होती. आमच्यात नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे नेतात आणि तीच तिला लावतात. उष्टी हळद. "ती नको म्हणाली तर?" तो मला पुन्हा पुन्हा विचारायचा. "तिला ती शिवायची किळस आली, तर आयुष्यभर माझ्याशेजारी कशी राहील? मी उभाच राहणार नाही लग्नाला." ह्या काळजीनेच चट्टे आणखी लाल झाले होते.

हळदीच्या सकाळी सवाष्णी चट्टे चुकवून जागा शोधत होत्या. आंब्याच्या पानाचं टोक लावल्यासारखं करायच्या आणि हात मागे घ्यायच्या. वाटीत पापुद्रे पडले होते. ती नेण्याचा मान करवली म्हणून माझा. स्वयंपाकघरात आईने मला थांबवलं, वाटी काढून घेतली आणि मोरीत पालथी केली. मग फडताळातून दुसरी दिली. ताजी, कोणाचा हात न लागलेली.

"ही ने. आणि तोंड मिटून ने."

नवरीकडचं वऱ्हाड धर्मशाळेत उतरलं होतं. तिच्या मावशीने वाटीत डोकावून पाहिलं आणि लावायला काही पुढे येईना. तेव्हा नवरीनेच वाटी ओढली, चार बोटं आत बुडवली आणि सगळ्यांसमोर दोन्ही गालांना हळद फासली. मावशीकडे बघत बघत फासली.

घरी दादा पाटावर तसाच बसला होता. "लावली?"

"मावशी मागे सरली, तर तिने स्वतःच्या हाताने लावली."

दादा हसला. तसा मोकळा हसलेला मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग तो आंघोळीला मोरीत गेला आणि तसाच बाहेर आला.

"मोरीत हळद कोणी टाकली? माझी आहे ती, पापुद्रे दिसतायत."

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

"लागट नाही हे मला ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "पण लोकांची पोर आहे ती."

मला आईचा संताप आला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटलं, पण ठेवला नाही. बादलीभर पाणी ओतून दादाने मोरी धुतली आणि मग माझ्याजवळ आला.

"तुझ्या वहिनीला हे कधी कळू देऊ नकोस," तो म्हणाला. "तिने आपणहून लावली आहे."