थोरली, मधली, धाकटी

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. बाबांपाशीही नाही — आणि बाबांपासून मी काही लपवते, हे ऐकून कर्जतमधले निम्मे लोक हसतील. आमच्या घरी जेवायच्या ताटाखालीसुद्धा बाबांच्या चळवळीची जुनी पत्रकं अंथरलेली असायची. अक्षरं मी त्यांवरच शिकले. ‘जाब विचारा’ हे शब्द मला बाराखडीआधी वाचता येत होते. तेव्हापासून विचारतेच आहे, ज्याला त्याला. मला मात्र कुणी विचारला नाही, म्हणून — म्हणून काय? म्हणून गप्प बसले.

आधी सलीमचाचा सांगायला हवेत. स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथे कॅसेट मिळायच्या. कॅसेट संपल्या, तेव्हा चाचांनी एकेक गाणं कॉम्प्युटरवर चढवलं आणि सगळा साठा तीन हार्डडिस्कवर उतरवून ठेवला. तिन्हींवर तेच, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. त्यांना नावं होती: थोरली, मधली, धाकटी. थोरली दुकानाच्या खणात. मधली पोशीरला बहिणीकडे, दमट हवा लागू नये म्हणून पिशवीत बांधून तांदळाच्या पिंपात. धाकटी खालापूरला जावयाकडे. तिघींना एका छपराखाली कधी आणायचं नाही, हा चाचांचा नियम.

“एका घरात तिघी कशा नांदतील गं?” ते मला म्हणायचे.

दुकानामागेच घर. आतून चाची ओरडायची, “आधी एकीला तरी नीट नांदवा!”

आणि त्यांचे फोल्डर! गायक नाही, साल नाही. ‘घाट चढताना’ — हे टेंपोवाल्यांसाठी. ‘गिऱ्हाईक नसताना’. ‘हळदीला, म्हातारे झोपल्यावर’. एकच गाणं चार-चार फोल्डरांत. आणि एक फोल्डर ‘हिचा राग’. चाची रुसली की चाचा एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त तो फोल्डर लावायचे. गाण्यांना क्रमांक दिलेले होते. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे त्यांनी संसारभर चुका करून ठरवलं होतं. कितव्या गाण्याला आतून चहा येतो, यावर गल्लीत पैजा लागायच्या. मीही लावलेल्या आहेत.

चाचांना पडद्यावरचं बारीक दिसेना, तेव्हा मीच म्हटलं, मी लावून देते सगळं. बाबांच्या सभांच्या कॅसेट मी तेव्हा उतरवून घेत होते. त्यांनाही जागा हवी होती. चाचा म्हणाले, “तुजं बी ठेव त्यातच. जागा काय, करू तेवडी हाय.” आणि पोशीर-खालापूरच्या दोघींना मागवून घेऊन तिन्ही हार्डडिस्क माझ्या पिशवीत घातल्या. तिन्ही. नियम मोडून. कुणासाठी? माझ्यासाठी.

मी घरी आणल्या, एकदम जोडल्या आणि कामाला लागले. एकच गाणं चारदा — ही काय शिस्त? प्रत्येकाची एक प्रत ठेवली, बाकीच्या पुसल्या. क्रमांक काढले. चाचांचे सगळे फोल्डर मोडून गायकांच्या नावाने नवे केले. ‘हिचा राग’वर थोडी थांबले. पहिलंच गाणं बायकोला वेडी म्हणणारं होतं. मला संताप आला. बाईचा राग म्हणजे गाण्याने पुसायची गोष्ट आहे का? तोही मोडला. तिन्हींवरून. कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

तत्त्वासाठी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं तर मी त्यातलं ते एकच गाणं ऐकलं होतं. आणि जागा — बाबांच्या सभा केव्हाच मावल्या होत्या. उरलेली जागा मला माझ्या भाषणांच्या व्हिडिओंसाठी हवी होती. माझ्या.

मग चाचांनी विचारलं, “पोरी, हिचा राग कुटं गेला गं?” — आणि मी म्हणाले, कॉपी करताना मध्येच लाईट गेली, सगळं विस्कटलं, जेवढं वाचलं तेवढं मी नावांप्रमाणे लावलं. किती सहज आलं तोंडातून! चाचा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “लाईटीला तू काय करनार? वाचवलंस ते काय कमी हाय?”

त्यांनी माझे आभार मानले.

एवढ्यावर तरी थांबायला हवं होतं. मी पत्रक लिहिलं. ‘अंधार कुणाच्या मेहेरबानीने?’ आमच्याकडे लाईट जाते, सारखी जाते, त्यातलं बाकी सगळं खरं होतं. फक्त पहिला परिच्छेद — एका दुकानदाराचा आयुष्यभराचा ठेवा कसा मातीमोल झाला — तेवढा खोटा. लोकांना तोच आवडला. बाबांनी मुद्रितं तपासली आणि त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘उत्तम’.

पुढे एकदा चाची रुसली तेव्हा मी दुकानात होते. गाणी सगळी होती, एकही गेलं नव्हतं; क्रम तेवढा नव्हता. चाचांनी आठवून पहिलं लावलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. मग माऊसवर हात ठेवून बसून राहिले.

“अगं, हे झाल्यावर कुठलं होतं?” त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं.

“मला काय म्हाईत! माझा राग मीच मोजत बसू?” चाची आतून म्हणाली.

चाचा हसले. मीही हसले — हसले मी! त्या दिवशी चहा आला नाही. चाचांनी कॉम्प्युटर बंद केला आणि कुणाचा तरी मोबाइल उघडून बसले.

ते पत्रक अजून त्यांच्या दुकानाच्या काचेला आतून चिकटवलेलं आहे. पिवळं पडलंय, एक कोपरा सुटला की चाचा नवी टेप लावतात. नवीन गिऱ्हाईक आलं की बोट दाखवून सांगतात, “आमच्या पोरीनं लिवलंय. माझ्यासाठी.”

त्या दिवशी लाईट गेली नव्हती.