खांब जवळ आणा म्हणणारे मोरी-सान

मोरी-सान गेले, हे मला कावासाकी स्टेशनच्या फलाटावर कळलं. त्यांच्या पत्नीने ऑफिसात फोन केला होता, आणि एका सहकाऱ्याने मला मेसेज पाठवला. समोर आलेली गाडी मी सोडून दिली... पुढचीही. त्याला आता काही आठवडे झाले.

पुण्याहून मी इथल्या कंपनीत आलो तेव्हा ते आमच्या विभागाचे प्रमुख होते. माझं आडनाव जोशी, आणि जपानीत ‘जोशी’ म्हणजे मुली, बायका. पहिल्या दिवशी सगळे हसू दाबत होते, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “जोशी-सान, फुटबॉल बघता का?” त्यांचा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून धडका देत खेळतात तो. कंपनीचा स्वतःचा संघ होता आणि तरुणपणी मोरी-सान त्या संघाचे किकर होते.

मला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं. ते मला सामन्यांना नेत आणि समजावत. अंडाकृती चेंडू घेऊन धावत, फेकत पुढे सरकायचं. शेवटच्या रेषेपलीकडे नेला तर सहा गुण. मध्येच अडकलात तर किकर येतो, दोन उंच खांबांच्या मधून चेंडू मारतो आणि तीन गुण मिळवतो. “पण हल्लीचे किकर पार अर्ध्या मैदानावरून मारतात,” ते म्हणत. “अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांतही तेच. मग पुढे जायची खटपट करणार कोण? दोन खांब एकमेकांच्या जवळ आणायला हवेत.” फलंदाजानेच बॅट अरुंद करा म्हणावं, तसं मला ते वाटे. यांना आपल्याच कलेवर असा राग का, ते काही केल्या कळेना.

संघाचा सध्याचा किकर निशिदा एकदा जेवताना म्हणाला, “तुम्ही रुंद खांबांत खेळलात, मोरी-सान. आता आमच्यासाठीच अरुंद का?” मोरी-साननी त्याचा ग्लास भरला. “तू चुकतोस म्हणून नाही. तू चुकतच नाहीस म्हणून.”

गेल्या शरदात जुन्या खेळाडूंचा मैत्रीचा सामना होता. आयोजकांच्या मागे लागून त्यांनी खांबांच्या आत, थोडं अंतर सोडून, दोन हिरवे बांबू बांधून घेतले. त्यांचं दुखणं तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या क्षणी त्यांचा संघ दोन गुणांनी मागे होता आणि मारायला तेच आले. चेंडू उंच गेला, सरळ गेला आणि बांबूला लागून बाहेर पडला. खरा खांब त्याच्याही पलीकडे होता. दोन्ही संघांचे लोक म्हणू लागले, द्या हो गुण, मजेचा तर सामना आहे. मोरी-सान नको म्हणाले. पंचांना वाकून नमस्कार केला आणि हरलेल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. चेहरा मात्र जिंकल्यासारखा.

परतताना गाडीत मी शेवटी विचारलंच, आपल्याच कलेवर एवढा राग का. ते म्हणाले, “आमच्यात ओकादा नावाचा धावणारा होता. काय धावायचा... मी लांबून मारू लागलो आणि कोच म्हणायला लागले, धोका कशाला, मोरी आहे ना. ओकादाला चेंडू मिळेनासा झाला. एक दिवस त्याने खेळ सोडला. सगळे चिखलात लोळायचे, जोशी-सान, आणि मी स्वच्छ कपड्यांत येऊन गुण घ्यायचो. टाळ्या मलाच.”

त्यांची एक सवय होती. संघ अडकला की शेजारी कोण आहे ते न बघता ते त्याच्याकडे वळून विचारत, “तुम्ही काय कराल?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत.

गेल्या शनिवारी त्यांच्या पत्नी माझ्याबरोबर सामन्याला आल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. आपला संघ अडकला, आणि माझ्या तोंडून तोच प्रश्न गेला. त्यांनी मैदानाकडे नीट पाहिलं.

“पुढे जाऊ द्यावं त्यांना,” त्या म्हणाल्या.

खाली निशिदा धावत आला. लांबून मारलेला चेंडू खांबांच्या अगदी मधोमध गेला. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. त्यांचे हात मांडीवरच होते.

“म्हणजे,” त्या हळूच म्हणाल्या, “अजून बदलला नाही वाटतं नियम.”