मनकर्णाबाईंचा बाक

नागभीडला तळ्याकाठी म्हाताऱ्यांसाठी बाग झाली, आणि मनकर्णाबाई रोज तिथे जाऊन उभ्या राहू लागल्या. बाक नवेकोरे, रिकामे. बाई मात्र फाटकाजवळ कडुलिंबाला टेकून. गुडघे असे की खाली बसल्या तर उठवायला माणूस लागावा.

जायचं एकच कारण, सुकरी. ही गोंड टोल्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीवरची. तरुणपणी दोघी एकाच बांधीत, भाताच्या शेतात, रोवणा करायच्या. आता सुकरी लेकाकडे गावात राहते. घरी सुनांपुढे मनातलं बोलता येत नाही, म्हणून ही बाग. सुकरीला पायांखाली माती लागते, ती सरळ खाली बसायची. एक उभी, एक खाली, गप्पा काय रंगणार? शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या, "उद्यापासून येणं होत नाई माह्यानं."

त्याच दिवशी बागेचा नकाशा काढणारी प्रिया आली होती. तिने विचारलं, "आजी, बाकावर बसत काऊन नाई? उंच झाला का?"

बाईंनी नुसता पदर सावरला. सुकरीच म्हणाली, "कशी बसन ते? समोर तिचे भासरे बसून हायेत ना."

भासरे म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, दादाजी. त्यांच्यासमोर बाई उंचावर बसणार नाहीत. नवरा गेला, केस पिकले, तरी रीत ती रीत. माझीही रोज बागेत फेरी असायची; मला दादाजींचा भारी राग यायचा. खांबासारखे ताठ बसायचे, उठायचं नाव नाही. 'बस' म्हणावं, तर धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचीही रीत नाही.

प्रियाने कोणाला शहाणपण शिकवलं नाही. एक बाक कडुलिंबाखाली नेला, दादाजी दिसू नयेत अशी मध्ये बांबूची उंच ताटी उभी केली, आणि बाकापुढची फरशी उखडून माती मोकळी केली.

मनकर्णाबाई आधी कडेला टेकल्या, मग हुश्श करून नीट बसल्या. पायाशी मातीत सुकरी. दोघींच्या हसण्याने बाग भरली. मलाच हायसं वाटलं.

तेवढ्यात ताटीपलीकडून दादाजी शेजारच्या खुशालला सांगताना ऐकू आले, "बरं झालं गड्या. ते बिचारी उभी राहे, मले पाय पसरायची लाज वाटे. उठून जावं, तं तिले वाटन आपल्यापायी उठले."

मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग चपला काढल्या आणि दोन्ही पाय बाकावर घेऊन ऐसपैस बसल्या.