सोफ्याचं नाव काका

माझी भाची चित्रं हलवते. असं काम करणाऱ्याला मोशन ग्राफिक्स डिझायनर म्हणतात. ते मी दहादा पाठ केलं, पण शेजारणीने विचारलं की नेमकं विसरते. म्हणून सांगते, चित्रं हलवते. चांगला पगार आहे त्याला.

नव्या शहरात नोकरी लागली तेव्हा माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "बघू." धाकटा, म्हणजे तिचा काका, म्हणाला, "घाई कशाला?" वहिनी आळीपाळीने दोघांकडे बघत बसली. आमच्या घरात पंखा लावायलाही बैठक भरते. शेवटी मीच बॅग भरली, पोरीला गाडीत बसवलं आणि परत येऊन तिघांशी भांडले. भांडण मला छान जमतं.

तीन महिने ऑफिसवाले तिचं काम बघणार, पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर परत घरी. आणि ती परत आली असती तर "आम्ही सांगत होतो" हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

तिथे तिची खोली एवढीशी, की पलंगावर बसूनच खिडकी, दार आणि शेगडी तिन्ही हाताला लागतात. शहरात ओळखीचं कुत्रंही नाही. अशात तिच्याकडे काम आलं, घरसामान हलवणाऱ्या कंपनीची तीस सेकंदांची जाहिरात. फर्निचर नाचत नाचत नव्या घरी जातं. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूचा वेगळा लेयर, म्हणजे थर असतो, आणि ऑफिसच्या नियमाने त्याला आकडे घालून नाव द्यायचं. मुख्य डिझायनर याबाबत इतके कडक, की सगळे त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणतात. भाचीच्या डोक्यात आकडे राहीनात आणि डोक्यातून घर जाईना. तिने सरळ घरच्यांची नावं घातली. शेवटी बदलू म्हणाली, आणि विसरली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या सामान हलवणाऱ्या कंपनीची मालकीण स्वतः आली. "सोफा हिरवा करून दाखवा," म्हणाली. फूटपट्टीसरांनी भाचीची फाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली. सोफा शोधायला यादी बघतात तर काका, बाबा, आई.

"हे काय आहे?"

"सर, काका म्हणजे सोफा. पसरलेले असतात ना."

"आणि बाबा?"

"कपाट. कुरकुरतात."

मालकिणीने तोंडावर हात धरला. सर हसले नाहीत. त्यांना यादीच्या टोकाला 'आत्या' सापडली. "हा लेयर तर पडद्यावर दिसतच नाही. रिकामा आहे. फाइलमध्ये कचरा ठेवायचा नाही," म्हणत त्यांनी तो पुसला आणि फिल्म चालू केली.

हे ती मला फोनवर सांगत होती. इथे मी तिला थांबवलं. "काका सोफा, बाप कपाट, आई?"

"कुंडी."

"आणि बॅग मी भरली, ती मी कचरा?"

"आत्या, ऐक ना गं पुढचं!" पोरीला हसण्याने बोलवेना.

तर फिल्म चालू झाली. काका जागच्या जागी डुलले. बाबांनी दार उघडलं, मिटलं. कुंडीने मान हलवली. पण नव्या घराच्या दिशेने तसूभरही कोणी सरकेल तर शपथ.

"निघत का नाहीत हे?" मालकीण म्हणाली.

नोकरी गेलीच, असं धरून भाचीने खरं सांगून टाकलं. "तुम्ही आत्या पुसलीत, सर. ती दिसत नाही, पण सगळे तिलाच बांधलेत. ती निघाली की बाकीचे निघतात. आमच्या घरी तसंच आहे."

सरांनी गुपचूप आत्या परत आणली. लगेच सगळं सामान तुरुतुरु निघालं. मालकीण टाळ्या वाजवायला लागली. "अहो, आमच्याकडेही अशी एक आहे!" हसता हसता सोफ्याचा रंग ती विसरूनच गेली.

संध्याकाळी सर भाचीच्या टेबलाशी आले. "नावं बदल. उद्या सकाळी तपासणार."

"आणि माझी नोकरी, सर?"

"जाणाऱ्या माणसाला मी नियम शिकवत बसत नाही," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "आत्या तेवढी राहू दे."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? पण आधी मी फोन स्पीकरवर टाकला आणि घरात हाक मारली. भाऊ, धाकटा, वहिनी, तिघंही धावत आले.