कल्याणच्या पानसुपारीला होडीने

आगगाडी असताना ठाण्याहून कल्याणला होडीने कोण जातं, असं भेटेल त्याने मला विचारलं. मी जातो! आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाला हौस असेल तर त्यानेही एकदा जाऊन पाहावं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. खरं कारण मात्र आधीच सांगून टाकतो. आईने माझ्याजवळ तिच्या थोरल्या भावासाठी, म्हणजे माझ्या आप्पामामांसाठी, एक अवघड निरोप दिला होता. तो कोणत्या शब्दांत सांगावा याचा विचार करायला वेळ हवा होता आणि आगगाडी माणसाला फार लवकर पोचवते.

निरोप असा होता: "दादाला म्हणावं, या खेपेला विडा घेऊ नकोस."

कल्याणबाहेरच्या माणसांसाठी थोडा खुलासा करतो. मामांच्या गावात म्युनिसिपल कमिटीची निवडणूक जवळ आली की उभा राहणारा पक्ष गावातल्या मताचा हक्क असलेल्या लोकांना पानसुपारीला बोलावतो. तबक पहिल्यांदा वडीलधाऱ्याकडे जातं. त्याने विडा घेतला की त्याने शब्द दिला असं समजतात आणि मग बाकीचे पटापट हात पुढे करतात. गेल्या निवडणुकीला तो पहिला विडा आप्पामामांनी घेतला होता. पक्षाचं नाव लोकांनी ठेवलं होतं 'घाट मंडळी', कारण गावच्या तळ्याचा मोडका घाट नवा बांधून देऊ असं त्यांचं वचन होतं. मामांसारखा माणूस सांगतो म्हटल्यावर सगळ्या गावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

पुढे काय झालं? घाटाच्या जुन्या काळ्या पायऱ्या 'घडवून परत लावू' म्हणून काढल्या, त्या गेल्याच. बायका आजही चिखलातून पाण्याशी उतरतात. आणि दिवाळीच्या तोंडावर मंडळींचे कारभारी त्रिंबकराव यांचं नवं घर उभं राहिलं, तर दारातल्या पायरीवर वाघबकरीच्या खेळाचा पट कोरलेला! घाटावरच्या पायरीवर होता तसाच. गवंड्याने बिचाऱ्याने नक्षी समजून तो वरच्या अंगाला लावला. गावात जो हशा आणि संताप उसळला त्याचा आवाज ठाण्यापर्यंत आला. फक्त आप्पामामा मानायला तयार नव्हते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पक्ष त्यांनी स्वतः उभा केलेला. याच वादावरून आईने दिवाळीत त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

तर प्रवास. पहाटे टेंभी नाक्यावरून छकडा केला आणि बाळकुमच्या बंदरावर गेलो. रस्ता खडबडीत आहे, खाली गवत पसरून बसा. होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी भरतीची वेळ विचारून ठेवायला विसरू नका. भरती चुकली तर दिवसभर किनाऱ्यावर बसून कोंबड्या मोजाव्या लागतील. माझा नाखवा पोशा नावाचा, तोंडाने अखंड चालणारा म्हातारा होता. माणशी दोन आणे म्हणाला आणि तेवढेच घेतले, हे मुद्दाम लिहितो.

भरतीचं पाणी आत शिरलं आणि होडी अशी काही सुटली की मी चक्क ओरडलो! थंडी नुकती पडू लागली होती, पाण्यावर धुकं होतं, दोन्ही काठांना खारफुटी, मध्येच मिठागरांचे बांध आणि त्यांवर चिखल थापणारी माणसं. बगळे इतके जवळ की हात लांबवावा. पोशाने शीड बांधता बांधता विचारलं, "कल्यानला कनाला चाललाव? पान खावाला?"

"मामांकडे," मी म्हणालो.

"पायऱ्या नेल्यान त्यांनी," पोशा म्हणाला, "आता तलाव पन उचलून न्या म्हनावं!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर एवढा हसला की होडी डुलली. मामा कोण हे मी त्याला सांगितलं नाही. हसू मलाही आलं होतं, पण मी तोंड फिरवून बगळ्यांकडे पाहू लागलो.

डोंबिवलीच्या काठाला होडी थोडा वेळ थांबते. शेतं आणि कौलारू घरं, एवढंच गाव आहे, पण उतरा. एका घरी तांदळाची भाकरी आणि तव्यावरची कोलंबी मिळाली. त्या कोलंबीसाठी मी पुन्हा एकदा निरोप घेऊन जायला तयार आहे. आमच्याबरोबर एक भिवंडीचे गृहस्थ जेवत होते, ते म्हणाले, "आमच्याकडे तरी काय निराळं आहे? निवडून येईपर्यंत हात जोडतात, मग हात धुतात." भाकरी वाढणारी बाई लगेच म्हणाली, "हात धुवाला तरी पानी लागतंय, ते कुठून आनतान?" सगळे खो खो हसले. राजकारण इतकं रुचकर लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढे दुर्गाडीचा बुरूज दिसू लागला की उठून उभे राहा, होडीवाला ओरडला तरी चालेल. उन्हात तो किल्ला आणि खाली गलबतं, असं दृश्य आगगाडीतल्या माणसाच्या नशिबी नाही.

मामांचं घर बंदरापासून जवळच. मामींनी वालाचं बिरडं केलं होतं. जेवताना मी निरोपाची सुरुवात तीनदा केली आणि तीनदा आमटी मागितली. शेवटी मामाच म्हणाले, "बोल गोविंदा, आईने काय सांगितलंय?"

मी सांगितलं. मामांचा घास हातातच राहिला.

"लेकराला खरूज झाली म्हणून कोणी रस्त्यावर टाकतं का? पक्ष मी उभा केलाय," ते म्हणाले.

"पण मामा, ती पायरी..."

"वाघबकरीचे पट काय एकाच दगडावर असतात? देवळादेवळांतून आहेत. घाटावरचा पट मी कोरलाय, लहानपणी, पाथरवटाची छिन्नी पळवून. एक रेघ वाकडी गेली आणि कोपऱ्याला मिळालीच नाही. त्या कोपऱ्यातली बकरी वाघाला कधी खाताच यायची नाही. आमच्या आळीची पोरं त्या बाजूसाठी मारामाऱ्या करायची." बोलता बोलता ते क्षणभर हसले. "तो दगड मी कुठेही ओळखीन. त्रिंबक असं करणार नाही."

"मग एकदा जाऊन बघा ना. दोन गल्ल्या तर आहेत."

"संध्याकाळी जायचंच आहे, पानसुपारीला," मामा म्हणाले आणि हात धुवायला उठले. मामींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माझा निरोप पाण्यात गेला होता. मामांनी आज विडा घेतला तर घाट मंडळी पुन्हा निवडून येणार, मामांचं नाव त्यांच्याबरोबर चिखलात जाणार आणि आई काही पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुपारी मी झोपलो नाही. तळ्यावर जाऊन आलो. घाटाच्या जागी घसरडी माती, आणि एक बाई कमरेवर घागर घेऊन खेकड्यासारखी आडवी आडवी वर चढत होती. पाहायचंच असेल तर हेही पाहा.

दिवेलागणीला मामांनी पागोटं बांधलं, शेला घेतला आणि माझा हात धरून निघाले. त्रिंबकरावांच्या दाराशी पताका, सनई, अत्तराचा घमघमाट! मला धास्ती होतीच, पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. कारण समोर एक तमाशाच चालला होता. येणारा प्रत्येक जण वहाणा काढायचा, धोतर वर धरायचा आणि त्या पायरीवर पाय न ठेवता टुणकन उडी मारून आत जायचा. हे लोक उघड काही बोलत नव्हते, आमंत्रण आलं म्हणून आले होते, पण घाटाच्या पायरीवरून कारभाऱ्याच्या घरात शिरणं काही त्यांना जमेना. जाडे वैद्यबुवा उडी मारताना दाराच्या चौकटीला धरून लोंबकळले. सनईवाल्यालाही हसू आवरेना आणि सूर भलतीकडे गेला.

"काय चाललंय? लोक का हसताहेत?" मामांनी मला विचारलं.

"पायरी उंच आहे, मामा," मी म्हणालो.

त्यांनी वहाणा काढल्या आणि उजवा पाय पायरीवर ठेवला. मग डावा. आणि थांबले.

मी त्यांच्या हाताला ओढ दिली, ते हलेनात. अनवाणी अंगठा दगडावर हळूहळू सरकत होता, एका रेघेवरून, मग दुसऱ्या. एका जागी तो वाकडा वळला आणि थबकला. त्याच्यापुढे रेघ नव्हती. सनई बंद पडली. त्या क्षणी मला आईचा निरोप, निवडणूक, काहीच आठवेना. एवढंच वाटलं, की यांना इथून घरी न्यावं.

मामा खाली बसले. तिथेच, त्या पायरीवर, मांडी घालून.

त्रिंबकराव धावत बाहेर आले. "आप्पा, हे काय? आत चला, तुमच्यासाठी गादी मांडलीय."

"गादीवर तू बस," मामा म्हणाले. "मी माझ्या जागेवर बसलोय."

त्रिंबकरावांचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस मुरलेला. त्यांनी विड्यांचं तबक तिथेच मागवलं आणि वाकून मामांच्या पुढे धरलं. "मग इथेच घ्या. पहिला मान तुमचा."

मामांनी तबकाकडे तोंडही वळवलं नाही. "घाटावर बसून पान खायची आणि थुंकायची आमच्यात रीत नव्हती, त्रिंबक."

रस्त्यावरच्या लोकांनी एकदम हुर्यो केला! मी आयुष्यात इतका जोरात ओरडलो नव्हतो. वैद्यबुवांनी आतून हाक दिली, "आप्पा, आम्हीही बाहेर येतो!" पण येणार कसे? दारात मामा बसलेले, आणि वडीलधाऱ्या माणसाला ओलांडून जायचं कसं? शेवटी आतली सगळी प्रतिष्ठित मंडळी मागच्या दाराने, गोठ्यातून, शेणातून वाट काढत बाहेर आली. त्यांतल्या काहींनी आधीच हातात घेतलेले विडे गव्हाणीत टाकले होते. त्रिंबकरावांच्या म्हशीने ते आवडीने खाल्ले, असं मला प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलं. त्या संध्याकाळी कल्याणच्या रस्त्यांवर जत्रेसारखी गर्दी होती. ओळखदेख नसलेली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

मामा मात्र घरी येऊन न जेवता पडून राहिले.

सकाळी मी परत निघालो, या वेळी आगगाडीने. कारण मला आईला सांगायची घाई झाली होती. स्टेशनाचा रस्ता धुळीचा आहे, पण सरळ आहे. मामा काठी टेकत पोचवायला आले. वाटेत जो तो त्यांना हात जोडत होता. ते काठीने रस्ता चाचपत पुढे चालत राहिले. फाटकाशी आल्यावर थांबले.

"मला दिसत नव्हतं, हे खरं," ते म्हणाले. "पण ऐकू तर येत होतं ना रे. दोन गल्ल्या चालून गेलो नाही, कारण मला तिथे काय सापडेल ते ठाऊक होतं."

मी वाकून नमस्कार केला.

"आईला सांग, आजपासून रोज सकाळी त्रिंबकच्या दारात जाऊन बसणार आहे. दगड घाटावर परत जाईपर्यंत."

"पण मामा, निवडणुकीत आता मत कोणाला द्यायचं?"

"ते मला विचारू नकोस," ते म्हणाले. "एकदा सांगितलं लोकांना, तेवढं पुरे झालं."

गाडीत मी विचार करत राहिलो. काल मी हुर्यो केला तेव्हा वाटलं होतं, जिंकलो. पण घाट मंडळींच्या जागी कोण येणार, हे कल्याणात कोणालाच सांगता येत नव्हतं. ज्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावं असं जे एक माणूस होतं, तेच आता दुसऱ्याच्या दारात एकटं बसणार होतं. तरीही, लिहायला लाज वाटत नाही, मला फार आनंद झाला होता.

घरी आल्या आल्या आईने मला हातपायही धुऊ दिले नाहीत. सगळं उभ्या उभ्या ऐकलं. म्हशीपाशी आली तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. मग मी स्टेशनावरचं बोलणं सांगितलं आणि तिचं हसणं थांबलं.

"एकटाच बसणार म्हणाला?"

"हो."

तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. मग आत गेली आणि घरातले होते नव्हते ते सगळे मळके कपडे आणून तिने माझ्यापुढे ढीग घातला.

"याचं गाठोडं बांध," ती म्हणाली. "लग्न होईपर्यंत त्या पायरीवर मी रोज धुणं धुतलंय. उद्यापासून पुन्हा तिथेच धुणार. त्रिंबकला म्हणावं, पाणी तेवढं आणून दे."