मॉलीची पिलं आणि एकादशीची भगर

मॉलीला पिलं झाली तेव्हा मला आनंद कमी आणि वैताग जास्त आला. टाकी माझ्या मुलीची, मासे तिचे, हौस तिची. ती पुण्याला होस्टेलवर आणि पाणी बदलायला मी. तरी फोनवर सांगितलं, "अठरा पिलं झालीत," तर सहा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलली. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेवरून आमचं वाजलं होतं, तेव्हापासून तिने अमळनेरची वाटच धरली नव्हती. "शनिवारी येते, पिलं बघायला," म्हणाली. मला बघायला नाही, पिलं बघायला. म्हटलं, तेही चालेल. फक्त शनिवारपर्यंत ती जगली पाहिजेत.

पिलं टबात वेगळी काढली, नाहीतर त्यांची आईच त्यांना गिळते. पण घालायचं काय? मोठ्या माशांचे दाणे पिलांच्या डोक्याएवढे. बिचारी तोंड लावून लावून थकत आणि दाणा तसाच तळाला जाई. जळगावच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "पिलांचं खाद्य संपलंय मॅडम, तेच दाणे पिठासारखे बारीक करून घाला." मोबाइलवर बघावं तर जो तो सांगतो, उकडलेल्या अंड्याचा बलक घाला. घाला म्हणे! आधी आमच्या घरात राहून दाखवा.

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. टाकीतले मासे मात्र चालतात, मुके जीव म्हणून. मी दाणे खलबत्त्यात कुटले तर त्यांचा नुसता रवा झाला. शेवटी मिक्सरला लावले, आणि तिथेच अक्कल गहाण पडली. झाकण उघडलं तशा अक्का देवघरातून बाहेर आल्या.

"हाऊ कसाना वास शे?"

खोटं बोलायला हवं होतं. पण दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून डोकं फिरलेलं. म्हटलं, "माशांचं पीठ असतं त्यात."

अक्कांनी पदर नाकाला लावला. "मासाले मासा खावाडस तू? लेकरासले?"

मिक्सरचं भांडं दुसऱ्या दिवशी कचरागाडीत गेलं. पूड तेवढी मी डबीत वाचवली, आणि ती पिलं खायलाही लागली. पोटं गोल दिसू लागली. रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, "किती आहेत?" मी सांगायचे, "अठरा." त्यापुढे चार शब्द आणखी बोलायची. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

आणि गुरुवार-शुक्रवार नेमकं धुळ्याला प्रशिक्षण निघालं. अक्कांना बजावलं, "सकाळ-संध्याकाळ, नखावर मावेल एवढीच पूड." नाक मुरडून का होईना, त्या हो म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले, चप्पल न काढता टबाजवळ गेले. पाणी ताकासारखं पांढरं. वर पिलं तरंगत होती, पोट वर करून. ओंजळीने उपसत, मोजत गेले. जिवंत पाच निघाली.

"काय घातलंत यांना?"

"आज एकादशी शे," अक्का म्हणाल्या. "ते पीठ आज कसं घालू? आन उपाशी बी कसं ठेवू? भगर दळीसन दिधी."

भगर! तीही नखावर मावेल एवढी नाही, मूठभर. आमच्याकडे वाढताना हात आखडत नाहीत ना. माझा ताबाच सुटला. "तुम्हाला जे चालतं तेच दुसऱ्याच्या घशाखाली उतरलं पाहिजे, असं आहे का? त्यांना काय झेपतं ते बघाल की नाही?"

बोलले आणि लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हतंच. सहा महिन्यांपूर्वी मुलीने हेच मला ऐकवलं होतं, त्या परीक्षेला तिसऱ्यांदा बस म्हटलं तेव्हा. आणि मी ताट सरकवून उठले होते. मला भयंकर राग आला. अक्कांचा, भगरीचा, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

पाच पिलं स्वच्छ पाण्यात सोडली तोवर फोन वाजला.

"किती आहेत?"

अठरा म्हणावं तर उद्या येऊन मोजेल. पाच म्हणावं तर कदाचित येणारच नाही. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"पोरी, तेरा मरनात. मीच मारात, तुनी मायना काही दोष नई. पाच शेत. देखाले ये."

मी अक्कांच्या हातातल्या फोनला कान लावला. आता ती फोन ठेवणार, असं मला वाटलं. मग तिचा आवाज आला.

"आईला दे."